सिनेमात भेटू देतात

"कन्यादान मामा-मामी करतील," प्रतिमा म्हणाली आणि चपला दारात भिरकावून, कुणाकडेही न बघता आतल्या खोलीत गेली.

विश्वेश्वर उंबऱ्यातच उभा राहिला. लग्न तोंडावर आलं होतं. पोर सासरी जाण्याआधी तिला एकदा हौसेनं सिनेमाला न्यावं, एवढंच त्याच्या मनात होतं. चिकपेटेतलं कापडाचं दुकान नोकरावर सोडून, मेव्हणी कृष्णाबाईला बरोबर घेऊन, तो दुपारी तीनच्या खेळाला गेला होता. चित्र कसलं आहे याची चौकशी त्यानं केली नव्हती. निघालं ते क्षयानं खंगलेल्या एका आईचं. तिची लहान मुलगी डॉक्टरांचा हात झिडकारून आत धावत गेली, आईनं तिला उराशी धरलं आणि सगळं थिएटर हुंदके देऊ लागलं... प्रतिमा रडली नाही. ती उठून बाहेर चालू लागली.

विश्वेश्वरची बायको अहल्या पन्नास साली त्याच रोगानं गेली. गावाबाहेरच्या क्षयाच्या दवाखान्यात ती वर्षभर होती, आणि त्या वर्षात विश्वेश्वरनं सात वर्षांच्या प्रतिमाला एकदाही आईच्या खाटेजवळ नेलं नव्हतं. "मी नेणार नाही," एवढंच तो सांगायचा. पोर दारात लोळण घेऊन रडायची आणि हा तिला ओलांडून, डबा घेऊन एकटा निघायचा. मोठी झाल्यावर तिनं त्याला कधी उलट उत्तर दिलं नाही, त्याचं जेवणखाण पाहिलं, आजारपण काढलं, पण आपण होऊन कधी त्याच्याजवळ येऊन बसली नाही. निदान कन्यादानाच्या वेळी तिचा हात आपल्या हातात येईल, या एका आशेवर तो इतकी वर्षं होता...

"पोरी, चुकलं माझं," तो दाराशी जाऊन म्हणाला. "कसला सिनेमा आहे ते ठाऊक असतं तर..."

"सिनेमाचं काय चुकलं, अण्णा? सिनेमात निदान भेटू देतात."

त्याच्याजवळ याचं उत्तर होतं. कैक वेळा ते ओठांपर्यंत आलं होतं. आताही त्यानं ते गिळलं आणि म्हणाला, "सरी, बरं. तुझ्या मनासारखं होऊ दे. तुझ्या मामांना, हणमंतरावांना, मी स्वतः जाऊन सांगतो."

त्यानं टोपी घातली. कृष्णाबाई पदरानं घाम पुसत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "स्वल्प थांबा, विश्वेश्वरराव. आणि तू गं, ये बाहेर. म्हणे सिनेमात भेटू देतात. अगं, सिनेमातल्या त्या पोरीला पुढं खोकला लागत नाही. आणि मेलेली बाई उठून चहा पिते."

"अक्का, नको," विश्वेश्वर घाईनं म्हणाला. "शपथ आहे."

"तिनं मलाही घातली होती. मी मोडते. वर गेल्यावर तिचं नि माझं काय ते आम्ही बहिणी बघून घेऊ." त्या प्रतिमाकडे वळल्या. "तुला आणू नका, असं तुझ्या आईनंच सांगितलं. मी होते तिथं. म्हणाली, ती समोर आली तर तिला जवळ घेतल्याशिवाय मला राहवणार नाही. पण मी नको म्हटलं हे तिला कळू देऊ नका. तुमच्यावर रुसली तर समजूत काढायला तुम्ही आहात. माझ्यावर रुसली तर मी कुठून येऊ?"

प्रतिमानं दाराची चौकट धरली.

"म्हणजे आईनं मला वर्षभर पाहिलंसुद्धा नाही?"

"पाहिलं," विश्वेश्वर खाली बघत म्हणाला. "दर रविवारी पाहिलं. मी तुला बसनं फिरायला न्यायचो बघ... कुंपण होतं, अलीकडे चिंचेचं झाड..."

"उन्हात मला पळायला लावायचात," ती हळूहळू आठवत म्हणाली. "दमले तरी म्हणायचात, अजून एकदा, त्या दगडापर्यंत."

"पलीकडे व्हरांड्यात ती बसायची. एवढ्या लांबून तिला तोंड दिसायचं नाही. पळालीस की कळायचं, तूच ती. शेवटी शेवटी तिला बाहेर आणता येईना, तरी मी तुला न्यायचो. नर्स आत जाऊन सांगायची, आली आहे, पळते आहे."

प्रतिमाचा चेहरा उतरला. "एकदा मी झाडाखाली हटून बसले होते. पळणार नाही म्हणाले. त्या दिवशी आई बाहेर होती?"

'नव्हती' म्हणणं सोपं होतं. पण आज त्याच्यानं खोटं बोलवेना.

"होती."

"मग?"

"मग मीच पळालो, धोतर सावरत. ती हसली, असं नर्स म्हणाली."

"मला वाटलं, तुम्ही मला चिडवताय," प्रतिमा म्हणाली. मग मात्र ती त्याच्या पायाशी बसली, त्याच्या गुडघ्याला डोकं टेकून लहान पोरीसारखी रडली. विश्वेश्वरचा हात तिच्या केसांवर जाऊन अवघडून थांबला... त्याला तशी सवयच राहिली नव्हती.

डोळे पुसून तिनं विचारलं, "मावशी, बायको नसली की कमरेला सुपारी लावून कन्यादान करतात ना?"

"करतात की. सुपारी म्हणजेच बायको."

"मग अण्णाच करतील. सुपारी मी लावून देईन."

विश्वेश्वर कसाबसा म्हणाला, "पण हणमंतरावांना काय सांगू? मला बायको नाही म्हणून आपल्यालाच करावं लागेल, असं धरून ते आधीच सोवळं घेऊन बसलेत."

"सांगा," प्रतिमा म्हणाली, "आई येणार आहे."