लाल शेपटीचा घोडा

"फडकं लपवायचं की तज्ज्ञ, ते आधी ठरव," चोंबडी म्हणाली. तज्ज्ञ अंगाने मोठे होते, तेव्हा फडकंच सोपं होतं.

चोंबडी आणि तिचा धाकटा भाऊ ढापण्या सुट्टीत मावशीकडे आले होते. मावशी एका तीनशे वर्षं जुन्या इमारतीची देखभाल करायची. तिथल्या मोठ्या दालनात भिंतीवर रंगवलेला लाल घोडा वर्षभरात गुलाबी झाला होता, आणि आता तेवढाही राहिला नव्हता. मावशीने तो ओल्या फडक्याने पुसला, असं प्रकाशतज्ज्ञांनी लेखी कळवलं होतं. दुपारी मोठ्या मॅडम येणार होत्या. त्यांना हे पटलं की मावशीची नोकरी गेली.

वर्षापूर्वी दालनात दिवे बसवले ते याच तज्ज्ञांनी. घोड्यावर रोखलेला त्यांचा दिवा इतका प्रखर होता की त्याच्यापुढे चादरी वाळल्या असत्या. ते स्वतः तिथे काळा चष्मा लावून वावरत. दिवा जरा जास्त नाही का, असं विचारलं की ते "वातावरणनिर्मिती" म्हणत आणि विचारणाऱ्याकडे दयेने पाहत. दिव्यापुढेच, एका दांड्यावर, त्यांच्या नावाची पाटी होती. म्हणजे आधी नाव दिसावं, मग सवड असल्यास घोडा.

आज त्यांनी दिवा बंद ठेवायला सांगितलं होतं. मॅडम आल्यावर तो एकदम लावून त्यांना दिपवायचं, असा बेत होता.

खिडकीतल्या साध्या उजेडात ढापण्याने घोडा नीट पाहिला. "ताई, याची शेपूट अजून लालभडक आहे."

शेपटीभोवती एक तिरपा चौकोन गडद राहिला होता. दिवा चालू असला की तो नुसती सावली वाटायचा.

"मावशी, शेपूट का नाही पुसलीस?"

"मी पुसला असता तर शेपूट सोडली असती? अर्धवट काम करायची सवय नाही मला."

चोंबडी पाटीकडे बघत राहिली. मग तिने फडकं परत जागेवर ठेवलं.

मॅडम आल्या. तज्ज्ञांनी फडक्याचा निषेध करणारं भाषण केलं. ते श्वास घ्यायला थांबताच चोंबडीने मॅडमना शेपटीजवळचा चौकोन दाखवला आणि ढापण्याने दिवा लावला. पाटीची सावली त्या चौकोनावर बरोब्बर जाऊन बसली.

"फडक्याने पुसणारा माणूस सावलीला वळसा घालून पुसतो का?" चोंबडीने विचारलं.

तज्ज्ञांनी चष्मा काढला, मग पुन्हा लावला. पाटी आपण घोड्याच्या संरक्षणासाठीच लावली होती, असं त्यांनी सांगितलं.

"मग सगळा घोडा झाकेल एवढं नाव ठेवायचं होतं," मॅडम म्हणाल्या. दिवा तिथल्या तिथे काढायला लावून त्यांनी मावशीची माफी मागितली. मुलांना म्हणाल्या, "वर्षभर आम्ही सगळे इथे येत होतो. घोडा बघितला तो तुम्हीच."

मावशीनेही दोघांच्या पाठीवरून हात फिरवला.

"शाबास. आता फरशीवरचे तुमच्या पायांचे ठसे पुसा," ती म्हणाली. "कोरड्या फडक्याने."