शेवटचे चार आकडे

"आणखी एक गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं!" जावईबापू गोडाऊनच्या दारातूनच ओरडले. "सोमवारपासून हे तेरावं. पंपाचे भाग गायब आहेत, आक्का. परस्पर विकले तात्यांनी. दुपारी त्यांना घरी पाठवायचं."

"कॉम्प्युटर चुकला असेल," आक्का म्हणाली.

"छे! सोमवारीच मी त्याचा सर्च विजेसारखा वेगवान केलाय."

आक्का मालकीण. शाळा चौथीत सुटलेली, पण नवऱ्यामागे सुट्या भागांचं हे दुकान तिनेच ताठ उभं ठेवलं होतं. आठ हजार खण; गेल्या वर्षी सगळा माल नव्याने लावला, तेव्हापासून कुठल्या खणात काय ते फक्त कॉम्प्युटरला ठाऊक. बावीस वर्षं गोडाऊन सांभाळणारे तात्या मान खाली घालून उभे होते. त्या मुकाटपणाचाच तिला जास्त राग आला.

"तात्या, तोंडाला कुलूप लावलंय का? विकलेत?"

"नाही हो, आक्का."

"मग माल कुठाय?"

"आहे इथेच. पण आठ हजारांत शोधू कुठे?"

ती काउंटरवरच्या सुनेकडे वळली. "रिकामे गेले त्यांनी काय आणलं होतं?"

"जुना, घासलेला भाग. नंबरातले शेवटचे चार आकडे तेवढे दिसतात. तेच टाकते मी. पूर्वी मिळायचं."

"आणि ज्यांना माल मिळाला?"

"त्यांच्याकडे खोकं होतं. अख्खा नंबर."

आक्काच्या कपाळावर आठी पडली. परवा तिने जावईबापूंच्या हातात असाच एक घासलेला वॉल्व्ह दिला होता. त्यांनी ते चार आकडे टाकलेच नव्हते. कपाटातली छापील यादी काढली, चित्रावरून पुरता नंबर हुडकला, मग टाकला.

"जावईबापू, बसा. त्या वॉल्व्हचे शेवटचे चार टाका."

"काही येत नाही."

"आता यादीत बघून पहिले चार."

पडद्यावर रांग लागली. तात्यांनी तो खण ओढला. सव्वीस वॉल्व्ह, जसेच्या तसे.

"सापडला चोर," आक्का म्हणाली. "हे यंत्र नंबराचे तुकडे करून ठेवतं आणि तुकड्याशी तुकडा जुळवतं, हे तुम्हीच मला ऐकवलंत. आधी ते कुठूनही तुकडे करायचं, पुढचे, मधले, शेवटचे. सोमवारी वेगाच्या हौसेपायी तुम्ही फक्त पुढून करायला लावलंत. शेवटचा तुकडा ठेवलाच नाही, तर जुळणार कशाशी? आपल्याकडे गिऱ्हाईक खोकं नाही, झिजलेलं लोखंड घेऊन येतं!"

"अहो, चूक झाली..."

"चूक होते, त्याचं काही नाही. पण परवा यादी का काढलीत? ठाऊक होतं म्हणूनच ना? सुधारायचं सोडून या माणसाला चोर केलंत!"

जावईबापू खुर्चीवरून उठले. "बढाई मारून बसलो होतो. सांगायची लाज वाटली."

"आता वाटू द्या. तुकडे पुन्हा करायला किती वेळ?"

"दोन तास."

"तोवर तेरा गिऱ्हाइकांना फोन लावा. त्यांचा माल काढायला खण तुम्हीच उघडायचे."

मग ती तात्यांवर खेकसली, "आणि तुम्ही! खुर्चीवर बसा. पुन्हा कुणी चोर म्हटलं तर मान खाली घालायची नाही. डोकं उठतं माझं."