वरच्या वाडीतली शिकवणी

जपानात नोकरीसाठी जपानी शिकायचं तर शिकवणारं माणूस लागत नाही, फोन लागतो, असं श्रुतिकाला कुणीतरी सांगितलं होतं. फोन तिच्याकडे होता. रेंज नव्हती. दरडीनंतर पोलादपूरच्या रस्त्याला लागून जी नवी वसाहत बांधून दिली, तिथं नळ होते, विजेचे खांब होते, उद्घाटनाची पाटीसुद्धा होती. पण फोन हातात धरून अख्ख्या वसाहतीला प्रदक्षिणा घातली तरी एक कांडी दिसेल तर शपथ. रेंज यायची ती वर, जुन्या वाडीत. जिथं घर नाही, माणूस नाही, तिथं मेल्या पूर्ण कांड्या! हॉस्पिटलातली सकाळची ड्युटी संपवून श्रुतिका दुपारी वर चढायला लागली ती त्यामुळे.

जुनी वाडी म्हणजे आता नुसता लाल मातीचा उतार. मधूनच एखादं जोतं, एखाद्या पायरीचा दगड. डोंगर आषाढात खाली आला तेव्हा श्रुतिका महाडला हॉस्टेलवर होती, नर्सिंगचा कोर्स करत. बाप, भागोजी, तेव्हा मुंबईला एका सोसायटीत वॉचमन. घरात आई एकटी. वैशाली तिचं नाव. मशिनी आल्या, उकरून गेल्या. काही माणसं सापडली, काही नाही. वैशाली सापडली नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा पुतळा करायला लावला आणि भागोजीनं त्याला अग्नी दिला. श्रुतिका कोरड्या डोळ्यांनी बघत उभी होती. गवतासाठी काय रडायचं? लोक म्हणाले, पोरगी दगड आहे.

वाचलेल्या माणसांनी त्यानंतर एक नेम धरला. वर्षातून एकदा वर जायचं, नारळ ठेवायचा, परत फिरायचं. तिथं तोंड उघडायचं नाही.

"आपलं बोलणं कानावर पडलं का खाली राहिलेल्यांना वाटतं, न्यायला आली घरची," भागोजी सांगायचा. "मग पाठी लागतात."

"मी तिथं जपानी बोलणार आहे, बाबा."

भागोजीनं बिडी विझवली, जरा विचार केला. "मग बोल. ती काय त्यांना कळायची नाय."

श्रुतिकाला हसू आलं. तिचा या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण बापाचं मन कशाला मोडा, म्हणून तिनं नेम पाळला, आणि चांगला कडक पाळला. वर असताना महाडच्या मैत्रिणीचा फोन आला तरी ती उचलायची नाही. ठेच लागली तरी "आई गं" ओठांवरच दाबायची. त्या उतारावर तिनं मराठीचा एक शब्द सांडू दिला नाही.

शिकायची पद्धत तिनं व्हिडिओवरच्या पुण्याच्या बाईंकडून उचलली. आधी अक्षरं. इंग्रजीत लिहून पाठ करायचं नाही, सवय बिघडते. श्रुतिकानं जुन्या लग्नपत्रिका कापल्या, पाठीवर एकेक अक्षर काढलं आणि बसमध्ये, ड्युटीवर, चुलीपाशी घोकत राहिली. मग छोटी वाक्यं. बाई म्हणायच्या, घाबरू नका, क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, मराठी माणसाला ही भाषा सोपी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोठ्यानं बोला. ऐकणारं कुणी नसलं तरी मोठ्यानं बोला.

तिच्या घराचा धुण्याचा दगड तेवढा जागेवर राहिला होता. त्यावर बसून ती फोनमधल्या बाईच्या मागून म्हणायची. पहिल्या दिवसांत तिला वाटलं, समोरच्या डोंगरावर आवाज घुमतोय. ती म्हणाली की जरा थांबून तेच पुन्हा यायचं. घुमेना का! सरावाला सोबत झाली.

एके दुपारी बॅटरी संपली. फोन पिशवीत टाकून ती उठली आणि उगाच, जाता जाता म्हणाली, "ओगेंकी देस् का?" कशी आहेस?

"गेंकी देस्," उत्तर आलं. बरी आहे.

श्रुतिका परत वळली. घुमलेला आवाज आपलाच शब्द परत आणतो, उत्तर देत नाही, एवढी अक्कल तिला होती. तिनं फोन काढून पाहिला. फोन बंदच होता. आणि आवाज डोंगराकडून आला नव्हता, पायाखालून आला होता. बोलण्याआधी कुणीतरी घसा खाकरला होता. तसा घसा अख्ख्या पंचक्रोशीत एकच बाई खाकरायची.

लोकांनी जिला दगड म्हटलं ती पोरगी त्या मातीवर पालथी पडली आणि पोटभर रडली. तेही आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी ती वर गेली का, असं विचारूच नये. आई सापडल्यावर कोण घरी बसेल?

ती शिकवू लागली. हे पाणी. हा दगड. आज उकडतंय. खालून आई म्हणायची, घसा खाकरून, वाक्याच्या शेवटाला तो घाटाखालचा हेल काढून. काही दिवसांनी शेजारच्या जोत्याखालून रंगूबाई म्हणायला लागली. तोंडात दात नव्हते म्हातारीच्या, निम्मी अक्षरं वाऱ्यावर जायची. मग वरच्या आळीतून पोरं. मग सगळा उतार. श्रुतिका एक वाक्य म्हणायची आणि लाल माती तिच्या मागून ते म्हणायची, शाळेत पाढे म्हणतात तशी. त्यांना दुसरं काम काय होतं? पोरीपेक्षा मातीखालची माणसंच भराभर शिकली. श्रुतिका जपानीच्या परीक्षेत पास झाली ती त्या सरावावर. नोकरीच्या मुलाखतीत जपानची बाई म्हणाली, तुमचे उच्चार फार छान आहेत, कोणाकडे शिकलात?

"हल्ली हसत येतीस वरनं," भागोजी एकदा म्हणाला. त्याची नजर काही बरी नव्हती. "आपलं काय बोलली नायस ना तिथं?"

"नाय बाबा. एक शब्द नाय."

"बघ हा."

पण सुख म्हणावं तर तेही नासकंच होतं. पुस्तकातल्या वाक्यांत माणूस बोलणार ते काय? स्टेशन कुठे आहे. सफरचंद लाल आहे. श्रुतिकाला विचारायचं होतं, तुला कळलं का गो, लागलं का तुला, मला हाक मारलीस का. तिनं शब्द जुळवून पाहिले. खालून तेवढ्याच गोडीत उत्तर यायचं, आज हवा छान आहे. संताप व्हायचा तिचा. आईशी बोलायला मिळतंय आणि बोलायचं काय, तर हवापाणी!

आणखी एक गोष्ट तिच्या जरा उशिरा लक्षात आली. हेल गेला होता. वैशालीचे उच्चार आता फोनमधल्या बाईसारखे स्वच्छ, सपाट होते. तिला वाटलं, वा, आई किती सुधारली. एवढं शिकून पोरगी तेवढ्यापुरती मूर्खच निघाली.

मग घसा खाकरणंही थांबलं.

नोकरी लागली. जपानमधल्या कुठल्याशा गावात, म्हाताऱ्यांच्या आश्रमात. स्वतःची आई मातीत ठेवून परक्यांच्या आया न्हाऊ घालायला जायचं. तिकीट आलं तेव्हा भागोजी एवढंच म्हणाला, "आता वर जाऊ नको."

निघायच्या आदल्या दिवशी ती गेलीच. महाडला हॉस्टेलवर निघताना दर खेपेला आई तिच्या तळहातावर दही घालायची आणि म्हणायची, ये हा जाऊन. एवढे तीन शब्द ऐकल्याशिवाय तिचा पाय इथून निघणार नव्हता. तीन शब्द, आणि तेही आईच्या तोंडचे.

दुपार तापली होती. तिनं आधी जपानीतच सांगितलं. मी उद्या जाते. लांब जाते.

"सो देस् का," खालून आलं. असं का.

बस, एवढंच. शेजारपाजारच्या बाईला म्हणावं तसं.

जळो तो नेम! ती दगडावरून उतरली, गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात मातीवर ठेवले.

"आये," ती म्हणाली. "आये, मी चालले गो. एकदा आपल्या तोंडानं बोल ना माझ्याशी. ये हा जाऊन म्हण. बास, मग जाते मी."

सगळा उतार गप्प झाला.

"आये, मी गो. श्रुती. तुजी श्रुती."

मग हातांखालून, अगदी जवळून, तो स्वच्छ आवाज आला.

"सुमिमासेन." माफ करा.

तो थांबला. मग अदबीनं, दारात आलेल्या परक्याला विचारावं तसा म्हणाला, "दोनाता देस् का?"

आपण कोण?

श्रुतिकानं मातीवरचे हात उचलले.

शेजारच्या जोत्याखाली हालचाल झाली. रंगूबाईचा आवाज. तिची सगळी अक्षरं आता जागेवर होती. तिनं शेजारणीला हळूच विचारलं, "दारे देस् का?" कोण गो आलंय?

"शिरानाइ हितो देस्," आई म्हणाली.

ओळखीचं माणूस नाही.