जिथे ओवी मोडते

पोखर्णीच्या नरसिंहाच्या गाभाऱ्याचे दार इतके बुटके, की तिथे प्रत्येकाला वाकूनच जावे लागते. मनकर्णा वाकली, अर्धी आत गेली आणि तिथेच थिजली. पुढे तेलकट काळोख, मागे माणसांची रांग, आणि छातीवर... तोच तो अदृश्य हात पुन्हा येऊन बसला.

"ओ बाई, देवानं धरून ठिवलंय का काय?" मागून एक आवाज आला. "त्याला सांगा, आमी बी रांगेत हाय."

ती धडपडत मागे सरकली, ती थेट त्या आवाजाच्या अंगावर. त्याच्या हातातला नारळ गडगडत गेला. लोक हसले. तिला मात्र हसू ऐकू येत नव्हते. ती हवा शोधत होती. एक घोट, अजून एक घोट... आणि जितकी ओढावी तितकी हवा आटत होती.

तो हसायचा थांबला. खांद्यावर घोंगडी, कपाळी भंडारा.

"आत ओढू नका," तो हळूच म्हणाला. "आदी सोडा. गाताना सूर सोडत्यात तशी... लांब. समदी सोडली, की मंग हवेला यायला जागा व्हती."

तिने सोडली. आणि हवा आली – संध्याकाळी गाय आपसूक गोठ्यात यावी तशी.

"तुमी वैदू हाव का?" तिने डोळे पुसत विचारले.

"न्हाई वो. मेंढरामागचा माणूस. वालूरचा भुजंग."

"मंग नारळ उचला. देव वाट बघायलाय."

तो हसला. तिने त्या दिवशी देव पाहिलाच नाही.

आदल्या वर्षी कापसाच्या गाडीवरून पडून तिचा पाय मोडला होता. बांबूच्या कांबट्या बांधून ती खाटेवर पडून राहिली. पाय सुजला, आणि एका सकाळी बरगड्यांत सुरी फिरली, श्वास तुटला, पदरावर रक्ताचा ठिपका उमटला. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली होती. परभणीच्या दवाखान्यातून निघताना तिथले हैदराबादी डॉक्टर म्हणाले होते, "बेटी, बीमारी गई. डर रह गया. उसको रोज चलाओ." तेव्हापासून ती रोज चालत होती, आणि ते भय तिच्या सावलीसारखे सोबत. इतर माणसे दमतात आणि विसरतात. मनकर्णा दमली की तिला तो रक्ताचा ठिपका दिसे.

पौषात तिच्या बापाने, लिंबाजीने, मोकळ्या झालेल्या रानात खतासाठी मेंढरे बसवायला आपल्याच समाजातला धनगर बोलावला. घोंगडी ओळखीची निघाली.

"आज बी निघाली सवारी?" बांधापलीकडून भुजंग विचारी.

"डाक्टरानं सांगितलंय."

"ह्याच बांधानं जा म्हणून सांगितलंय?"

"बांध आमचा हाय."

"मेंढरं आमची हायती. ती बी नेमकी ह्याच येळेला हिकडं वळत्यात... काय करावं?"

मग तो बांधाच्या त्या बाजूने आणि ती या बाजूने चालत. मध्ये दवाने वाकलेले गवत. त्याने तिला सांगितले, की त्याचा मामा धनगरी ओव्या गातो आणि तो स्वतः मामाचा झीलकरी आहे. "मामाचा दम जिथं मोडतो, तिथनं ओळ म्या उचलायची. ऐकणाऱ्याला सांधा दिसला, तर झीलकरी कच्चा."

"मंग तुमची सवताची ओवी कुठली?"

"मला दुसऱ्याचीच अर्धी येती," तो म्हणाला, आणि तिच्याकडे पाहायचे सोडून मेंढरांकडे पाहू लागला.

त्या अर्ध्या ओवीवर ती पुरे आठ दिवस जगली असती. पण घरात कासा होती.

कासा – तिची धाकटी बहीण, दोनच वर्षांनी लहान. जात्यावर बसली की आख्खी ओवी एका दमात गाई. पाणी पाटातून धावावे तशी. आपण श्वास घेतो हे तिला ठाऊकही नव्हते. एका सकाळी ती गात असताना भिंतीबाहेर वहाणांची करकर थांबलेली मनकर्णाने ऐकली. ओवी संपेपर्यंत थांबलेली.

"तुजी बहीण लय झ्याक गाती," दुपारी भुजंग सहज बोलला.

सहज! मनकर्णाला वाटले, या एका शब्दाचा काटा करून कुणी तिच्या छातीत रुतवला. मत्सरालाही श्वासासारखीच खोड असते. त्याच्याकडे लक्ष दिले की तो बिघडतो. तिला कासाच्या गळ्याचा हेवा वाटला, धावत आडावर जाणाऱ्या तिच्या पायांचा वाटला, आणि सर्वांत जास्त तिच्या गाढ, निर्धास्त झोपेचा. ती बहिणीच्या उशाशी बसून तिचा वरखाली होणारा ऊर पाहत राही, परक्याच्या भरल्या शेताकडे पाहावे तशी.

आणि मग माय, धुरपताबाई, एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "भुजंगाची माय येणार हाय, तानुबाई. पोरगी मागायला." तिने भाकरी तव्यावर टाकली. "मेंढरामागं कोस कोस चालणारी लागंल त्यास्नी. कासाचं उरकू. तुजं... मागनं बघू."

मनकर्णा तडक बांधावर गेली.

"कुणाला मागायला येणार हाय तुमची माय?"

"मायला चालणारी सून पायजे," भुजंग चाचरला. "म्या तिला म्हणालो, की..."

"कासा लय झ्याक गाती. न्हाई का?"

"गाती की. पण..."

तिने तो 'पण' ऐकला नाही. ती वळली होती.

त्यांच्या समाजात मुलगी बघायची एक रीत होती. पोराची माय आपल्या पदरातले जोंधळे जात्यात टाकी, मुलीने ते दळत ओवी म्हणायची आणि समोरच्या बाईने साथ द्यायची. तानुबाई आली त्या सकाळी कोवळे ऊन ओसरीवर आले होते. बाहेर ओट्यावर लिंबाजी आणि भुजंग. आत, तानुबाईने पदर सोडला. कासा पुढे सरकली, पण जात्याच्या खुंट्यावर आधीच एक हात होता.

"आक्का, तू?" कासा पुटपुटली. "दमशील ना गं..."

"समोर बस."

जाते फिरले. मनकर्णाने सूर धरला –

"माळावरल्या वाऱ्या रं, हळू ये माज्या दारी..."

पहिली ओळ गेली. दुसरीच्या उंबऱ्यावर श्वास मोडला. तो हात बरगड्यांवर आला. जात्याच्या पाळीवरचे पीठ धूसर झाले. समोर कासाने ओळ उचलायला ओठ उघडले, आणि मनकर्णाने तिच्याकडे अशा नजरेने पाहिले, की ते ओठ मिटले. घे, सगळे घे. ही ओळ नको घेऊस.

जाते थांबत आले. दगडाची घरघर विझत गेली. आणि बाहेरच्या ओट्यावरून, भरदार, निःसंकोच आवाजात –

"कोवळं ऊन घिऊन, थांब घडीभर तरी!"

क्षणभर कुणालाच उमजले नाही. मग घरभर हशा फुटला. लिंबाजीचा चहा बशीतून सांडला.

"आरं मेल्या!" तानुबाई दारात धावली. "बायकांच्या जात्यावर बाप्या गातो का रं कुठं?"

"ओळ मोडली व्हती, माय." भुजंगचे कान लाल झाले होते. "ऱ्हावलं न्हाई."

"धाकटी बी व्हती की समोर, उचलाया!"

"ही ओळ माजी व्हती."

आता कुणी हसले नाही. तानुबाईने मुलाकडे पाहिले, मग खुंटा न सोडता हळूहळू श्वास बाहेर सोडणाऱ्या त्या मुलीकडे.

"चालंल का ही आपल्यासंगं?"

"रोज चालती. लय दिसांपासनं बघायलोय."

"तुला चालणारी बघायला सांगितली, तर तू हिचं चालणंच बघत बसलास व्हय?" तानुबाई म्हणाली, आणि पदराने तोंड झाकून हसली. धुरपताबाईने कुंकवाचा करंडा शोधायला लगबग केली. कासा बहिणीच्या कानाशी कुजबुजली, "आक्का, तुज्या डोळ्यांनी भाजले ना मी!" मनकर्णाने पिठाच्या हाताने तिचा गाल धरला.

सांजेला बांधावर तिने विचारलेच. राहवेना.

"कासाची ओवी ऐकत भिताडाशी थांबला व्हता ना तुमी?"

"थांबलो व्हतो."

"मंग? उचलली का न्हाई तिची एकांदी ओळ?"

भुजंगने गवताची काडी मोडली. "तिची ओवी मोडतच न्हाई, मनू. आख्खी असती. म्या आपला उभा... की ह्यात शिरावं कुठनं?"

ती बांधावरचे गवत ओलांडून पहिल्यांदाच त्याच्या बाजूला गेली.

चैत्रात लग्न झाले. भय गेले असे नाही. ते हळदीलाही आले, वरातीतही आले. जोडीने दर्शनाला गेले तेव्हा ते पोखर्णीच्या बुटक्या दाराशी तिच्या आधीच उभे होते.

"म्या पुढं जाऊ?" भुजंगने विचारले.

"न्हाई. मागं ऱ्हावा."

ती वाकली. तेलकट काळोख तोंडावर आला. तिने ओठांतल्या ओठांत एक ओळ सुरू केली आणि अर्ध्यावर मुद्दाम सोडून दिली... लांब, पार रिकामी होईपर्यंत.

मागून, अगदी जवळून, त्याने ती उचलली.

मनकर्णा आत गेली.