आतून कोरी अक्षरं

ते १९७९ साल होतं. जुलैची बारीक रिमझिम, आणि आमच्या बेटावरच्या बो बासें गावात एका छापखान्याच्या दारात मी छत्री झटकली. पाणी उडालं ते थेट आत वाळत ठेवलेल्या कार्डांवर.

"आयो, मामझेल! पाऊस छापायची ऑर्डर आम्ही घेत नाही—"

तो यशपाल. तिथे अक्षरं जुळवायचा. आमच्यासारखाच मराठी घरातला. मी लालमती गावाहून आले होते, थोरल्या बहिणीच्या, कुसुमावतीच्या लग्नपत्रिकेसाठी. माफी मागायला वाकले आणि... कार्डांकडे बघतच राहिले. हाताने लिहिल्यासारखी वळणदार रोमन अक्षरं, पण आतून कोरी. कडेला फक्त केसाएवढी रेघ.

"अत्तराच्या पेटीवर, केकवाल्याच्या पाटीवर, सेगा नाचाच्या जाहिरातीत हीच शोभतात," तो म्हणाला. "पण लहान छापली की शाई आत शिरते. यांना ऐसपैस जागा लागते."

"म्हणजे नखरेल आहेत."

"सुंदर आहेत. थोडे नखरे चालतात..." असं म्हणताना तो अक्षरांकडे बघत नव्हता.

मी तीच निवडली. मग कधी नमुना बघायला, कधी कागद बघायला, दर शनिवारी बस धरू लागले. कुसुमताई म्हणायची, "लग्न माझं, आणि पावडर लावून जातेस तू?"

छापलेल्या पत्रिका यशपाल स्वतः घरी घेऊन आला. बाबांनी एक उचलली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"नों, नों! नवरा-नवरीची नावं रिकामी? लग्नघरात रिकामा तांब्या तरी ठेवतं का कोणी? घेऊन जा परत."

यशपालचा चेहरा उतरला. तो गठ्ठा बांधू लागला. मला कळलं, हा असा गेला तर पुन्हा या दारात येणार नाही.

मी स्वयंपाकघरात धावले. वाटीत हळद कालवली, आगपेटीतली काडी घेतली आणि ताईच्या नावाचं पहिलं अक्षर भरलं. पिवळा रंग त्या बारीक रेघेच्या आत अलगद बसला.

"बाबा, पत्रिकेला हळद आपण लावतोच ना? यांनी तिची जागा राखून ठेवलीय."

बाबांनी पत्रिका उजेडात धरली. मग म्हणाले, "आणखी काड्या आण." आणि यशपालला, "बस की रे. उभ्याने हळद भरणार आहेस?"

बाबा, ताई, यशपाल आणि मी, आम्ही चौघं चटईवर बसलो. एकाच वाटीत त्याची काडी, माझी काडी...

"विद्यावती," तो हळूच म्हणाला. नावाने पहिल्यांदाच. "बाबांना विचारू? आपल्या पत्रिकेचं..."

"विचारा. पण आधी हात धुवा. असे पिवळे हात घेऊन गेलात, तर विचारायला काही उरणारच नाही!"

पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. कुसुमताई सासरी, ब्रीझे वेर्दिएर गावात, नातवंडांत रमली आहे. बाबा जाईपर्यंत गावातल्या प्रत्येक लग्नात हीच अक्षरं घ्या म्हणून सांगत राहिले. छापखाना बंद झाला. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. यशपालच्या हातांना हल्ली कंप सुटतो, म्हणून त्याचा कप मी धरते. साखर कमी पडली, असं तो रोज म्हणतो, आणि रोज शेवटच्या घोटापर्यंत पितो.