मागून येणारी शिट्टी

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण घरातला माणूस गमावून कोणी गोष्टी रचत बसत नाही.

गेल्या हिवाळ्यातली ती संध्याकाळ. सरकारी जंगलातला डोंगर, वरच्या पठारावर तंबू ठोकायचा बेत. आम्ही तिघंच. आमचे हे पुढे, मी मध्ये आणि माझे धाकटे दीर शेवटी.

तिघांच्याही गळ्यात दोरीला शिट्टी, आणि ह्यांचा नियम कडक. प्रत्येक वळणावर हे एक शिट्टी मारणार, शेवटच्याने एका शिट्टीने उत्तर द्यायचं. उत्तर आलं की पुढे चालायचं. नाही आलं, तर ओझं टाकून मागे फिरायचं.

भाऊजी सारखी माझी टिंगल करत होते. "वहिनी, तुमच्या चालीने पोचेपर्यंत मी म्हातारा होईन."

ऊन कललं आणि धुकं उतरलं. दोन पावलांपलीकडचं दिसेना.

पहिलं वळण आलं. ह्यांनी शिट्टी मारली.

मागून उत्तर आलं...

पुढचं वळण. पुन्हा उत्तर...

भाऊजींची बडबड मात्र बंद झाली होती. दमले असतील. बरी खोड मोडली, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

पठारावर पोचलो. हे थांबले, शिट्टी मारली. उत्तर आलं... अगदी जवळून.

पण धुक्यातून कोणीच बाहेर आलं नाही.

आम्ही हाका मारल्या. हाकेला ओ नाही.

शिट्टीला मात्र लगेच उत्तर...

आम्ही आल्या वाटेने धावत सुटलो.

पहिल्या वळणापाशी भाऊजींची शिट्टी वाटेवरच पडलेली होती. दोरी तुटलेली. धुकं जरा विरळ झालं, आणि खाली, खडकांत, भाऊजी.

हे कसेबसे उतरले. अंग अजून कोमट होतं, म्हणाले.

सासूबाई आजही एकच विचारतात, मागे का नाही फिरलात? काय सांगणार? शिट्टी येत होती, म्हणून?

पुढे पोलिसांनी भाऊजींचा फोन परत दिला. मी एकटीनेच उघडला. त्यात एक रेकॉर्डिंग होतं. रेंज नव्हती, म्हणून निरोप ठेवत असावेत.

आधी नुसतं कण्हणं. मग लांबून, वरून, ह्यांची शिट्टी...

आणि लगेच, भाऊजींच्या अगदी कानाशी, उत्तराची शिट्टी.

मग त्यांचा रडवेला आवाज.

"अहो, कोण आहात तुम्ही? नका ना वाजवू... ते पुढे निघून जातील."

मी ते अजून कुणालाच ऐकवलेलं नाही. पुसून टाकायलाही मन धजत नाही.