कलकत्त्याचा सालगडी

मोटार पूर्णेच्या वाळूत रुतली आणि ड्रायव्हरनं सगळ्या बाप्यांना खाली उतरवलं. सगळे म्हणजे सगळे. पिकल्या मिशांचे म्हातारे उतरले, राजूरचा दम्याचा दुकानदार उतरला, एवढंच काय, एक नवरदेव होता, तोसुद्धा मुंडावळ्या सावरत उतरला आणि ढकलायला लागला.

उतरला नाही तो एकच.

खिडकीपाशी बसला होता. उंचापुरा, उन्हानं रापलेला, अंगात परीटघडीचा पांढरा सदरा. मांडीवर जाळीची पिशवी, आणि पिशवीत भोपळ्याएवढं गोल, कातडी असं काहीतरी. बाकी बाकांवर नुसत्या बायका. त्या बायकांत हा एकटा, मजेत, जसा काही मोटारीचा मालक.

समोरच्या बाकावर द्वारका होती, तिच्या आत्याजवळ. केदारखेड्याच्या धर्मराज पाटलाची ही लेक. सातवी पास, वय अठरा. रूप चांगलं होतं, चाल चांगली होती, हाताला चव होती. आणि जीभ… जिभेमुळंच चार ठिकाणची सोयरीक दारातून परत गेली होती.

"आत्या," द्वारका मोठ्यानं म्हणाली, "बायकांत बसलेलं हे कोण असंल गं? दिसायला तर बाप्याच दिसून राह्यलं."

आत्या उषाबाईनं तिच्या दंडाला चिमटा काढला. त्या माणसानं वळून पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसला!

"बाप्याच हाये," तो म्हणाला. "पण मला ढकलायची मनाई हाये."

"कोणाची?"

"मालकाची. कलकत्त्याच्या."

"मालक काय पूर्णेत येऊन बघून राह्यला का?"

"न्हाई. पण माझ्या पायांवर त्याचा लई जीव हाये." त्यानं पिशवी थोपटली. "मी फुटबॉल खेळतो. पायानं. त्याचे पैसे देतात मला."

द्वारका बघतच राहिली. चेंडूला लाथ मारायचे पैसे! त्यांच्या आळीतली पोरं तेच काम फुकट करायची आणि वर मार खायची.

"खोटं."

"बिलकुल खरं. धा-धा हजार माणूस बघायला येतं."

"लाथा बघायला?"

"लाथा बघायला."

"आमच्या गोठ्यात एक म्हैस हाये," द्वारका म्हणाली. "तिला पण घेऊन जा. रोज दोन्ही वेळा मारती."

तो इतका हसला, इतका हसला, की पिशवी मांडीवरून सुटली आणि चेंडू घरंगळत द्वारकाच्या पायाशी आला. त्यानं वाकायचा नुसता बहाणा केला आणि हात पुढं केला. आळशी मेला, तिनं मनात म्हटलं, आणि चेंडू उचलून दिला. घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. लागली म्हणजे काय, ओझरती. पण उन्हात तापलेल्या पितळेला हात लागावा तसा तिनं हात मागं घेतला…

मोटार निघाली. केदारखेडं आलं. उतरताना तिनं मागं पाहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पाहिलं.

"परत भेटलो तर ढकलीन," तो खिडकीतून म्हणाला.

"मोटार?"

"तुम्ही म्हणाल ते."

आठ दिवसांनी भोकरदनहून रामकिसन मामा आपल्या भाच्याला घेऊन मुलगी पाहायला आले. द्वारकाची ही पाचवी खेप. डोक्यावर पदर, हातात चहाचं ताट, नजर खाली. नजर खाली होती म्हणूनच तिला माणसाच्या आधी पाय दिसला.

पाय! सोयऱ्याच्या घरी, सतरंजीवर, मुलीच्या बापाच्या तोंडासमोर लांबच्या लांब पसरलेला पाय! बाकी माणसं मांडी घालून बसलेली, आणि हा एक पाय धर्मराज पाटलाच्या ताटलीकडं बोट करून. दारामागच्या बायकांनी पदर तोंडात धरले. द्वारकानं नजर वर केली, आणि कपातला चहा बशीत आला.

तोच. मोटारीतला.

"पाय जरा पोटाशी घ्या, पाव्हणं," धर्मराज म्हणाले. आवाज गोड होता. तो आवाज गोड झाला की घरातली मांजरंसुद्धा बाहेर जायची.

"कलकत्त्याची सवय हाये," रामकिसन मामा घाईनं म्हणाले. "तिकडं खुर्च्या असतात."

भुजंगानं, त्याचं नाव भुजंग, मामाकडं एकदा पाहिलं. मग पाय ओढायला लागला. पाय अर्धा आला आणि थांबला. सकाळची थंड वेळ, आणि त्याच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. ते कोणाला दिसले नाहीत. द्वारकाला दिसले.

"मंग, करतात काय आपले भाचे?" धर्मराजांनी विचारलं.

"क्लबात हाये. लई मोठा क्लब. दर साली पाडव्याच्या सुमारास कागद करतात. राहणं, खाणं, कपडालत्ता, समदं त्यांच्याकडं."

"मधीच दुसरीकडं जाता येतं?"

"न्हाई. साल भरावं लागतं."

"आन् काम पसंत पडलं न्हाई तर?"

"तर मंग… साल सरलं की मोकळं करतात."

धर्मराजांनी कप खाली ठेवला. "म्हंजे सालगडी!"

पाटलांच्या घरी स्वतःचे दोन सालगडी होते. दोघंही अंगणात उभे राहून ऐकत होते, आणि आपली जात कलकत्त्यापर्यंत पोचली म्हणून एकमेकांकडं बघत होते.

"दोन सालगडी हायेत माझ्याकडं," धर्मराज म्हणाले. "पोरगी तिसऱ्याला देऊ?"

"अहो, सालगडी काय म्हणता! पेपरात फोटू येतो त्याचा!"

"बराबर बोलले ते, मामा," भुजंग म्हणाला. "सालगडीच हाये मी. फक्त माझ्याजवळ बैलं न्हाईत."

द्वारकाला हसू आलं. ते दाबायला तिनं ओठ चावला. आता या घडीला बापाच्या बाजूनं असायचं की याच्या, हेच तिला कळेना.

मामांना मात्र झोंबलं. उठता उठता रिकाम्या हातानं कसं जायचं? "आमचं पाहिलं ना, मंग तुमचं बी बघू," ते म्हणाले. "मुलगी चालवून दाखवा."

चार वेळा चालली होती ती. या दारापासून त्या दारापर्यंत, लंगडी तर नाही ना, फेंगडी तर नाही ना. पाचव्यांदाही चालली. पण पलीकडच्या दारात गेली आणि आत गेली नाही. वळली.

"मी चालले," ती म्हणाली. "आता पाव्हण्यांनी चालावं."

आत्या खाली बसली. सरळ भुईवरच बसली. कोणाच्या बापजन्मात मुलीनं मुलाला चालायला सांगितलं नव्हतं. मामा ओरडले, "गरज न्हाई त्याची!"

"ज्याच्या पायांवर कलकत्ता जीव टाकतं, त्याला चार पावलं जड काहून? आन् गरज न्हाई तर घाम कशाचा?"

भुजंगानं तिच्याकडं पाहिलं. मोटारीतलं हसू त्या तोंडावर कुठंच नव्हतं. त्यानं भिंतीला हात लावला, उठला, आणि चालला. एक पाय पडायचा, दुसरा मागून ओढत यायचा. चार पावलं. द्वारकानं ती एकेक करून मोजली.

"दसऱ्याच्या सुमाराला खेळताना गुडघ्यातली शीर तुटली," तो धर्मराजांना म्हणाला. "दुखतंय एवढंच क्लबाला माहीत हाये, तुटली हे न्हाई. पाडव्याला ते बघतील, ठेवतील न्हाई तर काढतील. मामा म्हणले, लग्न लागेस्तोवर बोलू नको. मी गप बसलो. ती चूक माझी, मामाची न्हाई. शेत मामाचं हाये, शाळा अर्धी हाये. हे दोन पाय सोडले तर माझ्याजवळ काहीच न्हाई, पाटील."

मामा तणतणत बैलांच्या दमणीत जाऊन बसले. तो मागून, ओढत, गेला.

द्वारका जिंकली होती. गावभर झालं, पाटलाच्या पोरीनं फसवणूक पकडली. आणि तीन दिवस तिच्या तोंडाला कुलूप. म्हशीनं लाथ मारली तरी शिवी नाही. आत्यानं कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. रात्रंदिवस डोळ्यांसमोर तीच चार पावलं. लंगडी चाल मनात भरते, असं तिला कोणी सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं!

चौथ्या दिवशी खळ्यावर ज्वारीची मळणी चालली होती. निंबाला मोहर आलेला, कडूगोड वास वाऱ्यावर. द्वारका नि आत्या उपणत होत्या. तेवढ्यात बांधाशी बैलगाडी थांबली आणि भुजंग उतरला. एकटा. खळ्याच्या कडेला बूट काढून ठेवले त्यानं, काढायला वेळ लागला तरी.

"मी मुलगी मागायला न्हाई आलो," तो धर्मराजांना म्हणाला. "माफी मागायला आलो. उद्या जालन्याहून गाडी हाये. क्लबाला समदं तारेनं कळवलं, जबाब बी आला. तिकडं डॉक्टर गुडघा कापून बघणार हाये."

माणूस फसवतो ते धर्मराजांना माहीत होतं. फसवून माफी मागायला चार कोस गाडी हाकत येतो, हे नवीन होतं. "पाणी… पाणी घ्या," म्हणत ते घागरीकडं गेले, आणि आत्यानं हुशारीनं त्यांना तिकडंच बैलांच्या गोष्टीत अडकवलं.

कडब्याच्या गंजीआड द्वारका उभी होती.

"चालवलं मी तुम्हाला," ती भुईकडं बघत म्हणाली. "मला वाटलं, नखरे हायेत…"

"बरं केलं."

"बरं?"

"सहा महिन्यांनी त्या दिवशी झोप लागली मला."

तिनं वर पाहिलं. त्याच्या केसांत कोंडा उडून बसला होता. झटकावा असं वाटलं, आणि असं वाटलं म्हणून तिला स्वतःचाच धक्का बसला.

"क्लबानं काढलं तर काय कराल?"

"न्हाई माहीत," तो म्हणाला. "खरंच न्हाई माहीत. म्हणून तर मागत न्हाई तुम्हाला. पण त्या मोटारीत बसलो होतो ना… तवापासून…"

"तवापासून काय?"

"तवापासून ज्या दिवशी कोणी बोलणी खाऊ घालत न्हाई, तो दिवस फुकट गेल्यावानी वाटून राह्यलं."

द्वारकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"काय चाललंय तिकडं?" धर्मराज घागर तशीच टाकून आले. एकाकडं पाहिलं, दुसरीकडं पाहिलं. म्हातारे झाले तरी डोळे शाबूत होते त्यांचे. "असं हाये तर…" त्यांनी भुजंगाकडं बोट केलं. "पाय गेला तर माझी पोरगी खाईल काय?"

"न्हाई सांगता येत, पाटील. हमाली करीन, पण काय ते आज न्हाई सांगता येत."

"अरे, खोटं तरी बोलायचं!"

"एकदा करून पाहिलं. न्हाई जमलं."

बैल फिरत होते, पायांखाली कणसं चुरत होती. मग धर्मराजांनी असं काही केलं की आत्याच्या हातातलं सूप धान्यासकट खाली पडलं. त्यांच्या सात पिढ्यांत कोणी बापानं जे लेकीला विचारलं नव्हतं, ते त्यांनी विचारलं.

"द्वारके. तुला पाहिजे का हा?"

भुजंगाचा चेहरा पांढरा पडला. आत्यानं गालावर हात मारून घेतला. आणि गावभर पुरणारी ती जीभ टाळूला जी चिकटली ती चिकटलीच. चालणारे बैलसुद्धा आता थांबतील असं वाटलं.

"हो!"

थांबलेच बैल. गंजीवरच्या चिमण्या भर्रकन उडाल्या. बांधापलीकडं करडई काढणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अगं हळू!" धर्मराज म्हणाले. "शिवेपर्यंत ऐकू गेलं."

"जाऊ द्या," द्वारका म्हणाली.

मैदानावर हजारो माणसं ओरडताना ऐकली होती भुजंगानं, पण या एका शब्दानं तो जागचा हलेना. धर्मराजांनी त्याच्याकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं, आणि रुमालानं मान पुसली. डोळेही पुसले, पण ते कोंड्यानं.

"उद्याची गाडी राहू द्या, जावईबापू," ते म्हणाले. "तार करा कलकत्त्याला. म्हणावं, आठ दिवस उशीर व्हईल. दोघं येतात म्हणावं."